गव्हर्नर आले तरी बसून राहायचं

"दादा, इराला जज्ज व्हायचंय, ये लवकर," असा बहिणीचा फोन आला आणि मी पुणे–चंडीगड तिकीट काढलं. साताऱ्यात तीस वर्षं कोर्टात न्यायाधीशाच्या पुढ्यात बसणारा बेंच क्लार्क होतो. त्या नोकरीचा घरातल्या कुणाला पहिल्यांदाच उपयोग होणार होता.

विमानतळावरून चंडीमंदिर छावणी टॅक्सीने तासाभरावर. गेटवर ओळखपत्र द्यायचं आणि आतून होकार येईपर्यंत निमूट थांबायचं. मेहुणे तिथे मेजर आहेत. छावणीतल्या मुलांचं नाटक होतं, इंग्रजांच्या अमलाखालच्या अमेरिकेवर. एक गट गव्हर्नरचा, दुसरा लोकांनी निवडलेल्या असेंब्लीवाल्यांचा, आणि न्यायाधीश आपल्याच मुठीत हवा म्हणून दोघांची ओढाताण. बारा वर्षांची माझी भाची इरा न्यायाधीश. गव्हर्नर मात्र हौसेने ब्रिगेडियरसाहेब झालेले, म्हणजे तिच्या बाबांचेच वरिष्ठ.

तालमीत घोळ एकच. गव्हर्नर कोर्टात शिरले की इरा ताडकन उभी! "गुड इव्हनिंग, सर!" सगळे हसायचे, ती रडवेली व्हायची.

"मामा, पापा की रिपोर्ट वही लिखते हैं," ती मला म्हणाली. मेहुण्यांची बढती त्याच रिपोर्टवर ठरते. प्रयोगाआधी जमलं नाही तर भूमिका दुसरीला जाणार होती. मेहुणे बूट पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघालो. वाटेत मनीमाजऱ्यात लोण्याचा गोळा ठेवलेले पराठे खाल्ले. एकात पोट भरतं. दोन मागवायचा गाढवपणा करू नका. मग चंडीगडचं सरकारी संकुल, कॅपिटॉल कॉम्प्लेक्स. फेरी फुकट, ओळखपत्र मात्र हवंच. एका टोकाला हायकोर्ट, समोर पार दुसऱ्या टोकाला विधानसभा, मधे रणरणतं काँक्रीटचं पटांगण.

"इतना दूर क्यूँ?"

"उठसूट ये-जा होऊ नये म्हणून," मी ठोकून दिलं. "इरा, कोर्टात सगळे न्यायाधीशासाठी उठतात. मी तीस वर्षं उठलो. तूच उठलीस तर आम्ही कुणासाठी उठायचं?"

 संध्याकाळच्या तालमीत ती खुर्ची घट्ट धरून बसली, आणि भूमिका राहिली.

प्रयोगाला झगा सावरत इरा मंचावर आली. नाटकातलं सगळं कोर्ट तिच्यासाठी उठून उभं राहिलं. आणि प्रेक्षकांत, पहिल्या रांगेत, मेहुणे उभे राहिले. एकटेच, सावधान. इराने ते पाहिलं. मग गव्हर्नर आले, आणि ती हलली नाही.

"टोपी काढा," तिने फर्मावलं.

ब्रिगेडियरसाहेबांनी टोपी काढून मान लववली. "येस, मिलॉर्ड." त्या भल्या माणसाचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

आता साताऱ्यात हे लिहितोय. तीस वर्षं मी खुर्चीसाठी उभा राहिलो. त्या दिवशी मेहुण्यांच्या मागोमाग उठलो, तेव्हा पहिल्यांदाच खुर्चीत माझं माणूस होतं.