आर्डिथमावशीने काढलेला चंद्र

माझी आर्डिथमावशी अमेरिकेतल्या आमच्या फ्लॅगस्टाफ गावात दुकानांच्या पाट्या रंगवायची. १९६१ साली टेकडीवरच्या वेधशाळेत चंद्राचे नकाशे काढायला माणसं हवी होती, तेव्हा ती ब्रशांची पेटी घेऊन सरळ वर गेली.

"चंद्र काढता येईल?" नकाशाचं काम बघणाऱ्या थॉर्बर्नसाहेबांनी विचारलं.

"बेकरीच्या पाटीवर पाव काढलाय. लोक वास घ्यायला थांबतात."

साहेब हसले आणि तिला ठेवून घेतलं.

दुर्बिणीला डोळा लावून ती हवा स्थिर होण्याची वाट बघत बसे. क्षणभर चंद्र स्वच्छ दिसे, तेवढा डोळ्यांत धरून कागदाशी यायचं. रंगाच्या बारीक पिचकारीतून ती करडा रंग इतका हलका उडवायची की कागदावर धुकं उतरल्यासारखं वाटे. मग त्या धुक्यातून खड्ड्याचा काठ वर यायचा, आत काळोख साचायचा. घरी जेवताना ती मध्येच थांबून भिंतीकडे बघत राही.

"कुठे पोचलीस गं?" आई विचारायची.

"दक्षिणेकडे. तिकडे आत्ता उजाडतंय."

एकदा तिला एक टेकडी दिसली, जेमतेम तीन मिनिटं. साहेब म्हणाले, "फोटोत तर नाही."

"फोटोला माझ्याइतका धीर नाही."

"आर्डिथ, तिथे माणसं उतरणार आहेत."

"म्हणूनच ठेवतेय."

टेकडी नकाशात राहिली. पुढे यानानं चंद्राच्या जवळ जाऊन काढलेले फोटो आले. त्यात त्या जागी सपाट माळ होता. मावशी फोटोवर भिंग धरून खूप वेळ उभी राहिली. मग तिनं ती टेकडी खरवडून काढली. साहेबांनी एका शब्दानंही टोमणा मारला नाही, हेच तिला जास्त लागलं. नंतरचे कितीतरी महिने ती आपला एकेक नकाशा फोटोंशी ताडून बघत होती.

त्याच सुमारास गावाबाहेरच्या काळ्या राखेच्या माळावर सुरुंग लावून चंद्राच्या नकाशाबरहुकूम खड्डे पाडले, अंतराळवीरांच्या सरावासाठी. एका दुपारी मी तिच्याबरोबर गेले. ती खाली न बघता चालत होती, झोपेत चालल्यासारखी.

"मावशी, पडशील!"

"नाही गं. इथून डावीकडे तीन लहान आहेत, मग एक मोठा." आणि खरंच तसे होते.

चंद्रावर माणूस उतरला त्या रविवारी संध्याकाळी सगळे आमच्या टीव्हीसमोर होतो.

"आर्डिथ, नकाशात तुझी एखादी सावली चुकली असेल तर बिचारा आपटणार हं," बाबा म्हणाले.

"गप्प बसा हो," आई म्हणाली.

मावशी हसली नाही. पडद्यावरचं चित्र पुसट, भुतासारखं होतं. शिडीवरून एक पाय खाली आला, जरासा रुतला आणि थांबला. मावशीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं, ते सोडलं.

"जमीन आहे," ती हळूच म्हणाली. "आठ वर्षं मी कागदच बघत होते. जमीन आहे गं ती."

दोन वर्षांनी तिच्या टेबलावर मंगळाच्या नकाशाचं काम आलं. पहिल्या दिवशी मी डबा द्यायला गेले, तर ती कोऱ्या कागदावरून नुसता तळहात फिरवत बसली होती.

"काढत का नाहीस?"

"थांब जरा," ती म्हणाली. "अजून ओळख व्हायचीय."