सात नंबरची जर्सी

शाळेच्या ग्रुपवर गणवेशाबद्दल मेसेज आला की मी हातातलं काम टाकून आधी कपाट उघडते. मुलगी हायस्कुलात जाईपर्यंत मला वाटायचं, गणवेश म्हणजे दोन जोड शिवून आणले की विषय संपला. कसलं काय! एरवी निळा, शुक्रवारी हाउसचा टी-शर्ट, शनिवारी पीटीचा पांढरा. काळे बूट वेगळे, पांढरे कॅनव्हास वेगळे. मोज्यांना पट्टी हवी, पण रुंद नको. रिबिनी शाळेच्या रंगाच्या, क्लिपा काळ्याच. नवरी सजवून मांडवात उभी करणं परवडलं, पण शाळेची मुलगी सकाळी दाराबाहेर काढणं म्हणजे रोजची परीक्षा. त्यात आमची खो-खो खेळणारी, म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

तिच्या संघाची जर्सी शाळेची होती. विकत मिळणारी नव्हे. दरवर्षी मुलींना वापरायला द्यायची, मोसम संपला की धुऊन परत घ्यायची. पांढरी, छातीवर शाळेचं नाव, पाठीवर आकडा. आमच्या वाट्याला सात नंबर आला होता. किती मुलींच्या अंगावरून उतरून तो आमच्याकडे आला होता कोण जाणे. कॉलर विरलेली, बाह्यांच्या कडा उसवलेल्या. पण पोरगी त्याला असं जपायची की तेवढं आपल्या वह्यांना जपली असती तर पहिली आली असती.

त्या वर्षी ती नववीत होती. पुढे दहावी. आणि दहावी म्हटलं की आपल्या घरांतून काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. टीव्हीचं कनेक्शन जातं, पाहुणे बंद होतात आणि खेळ तर सगळ्यात आधी बंद होतो. तिच्या बाबांनी मात्र तिला एक वाट ठेवली होती. ते म्हणाले, "जिल्ह्याच्या संघात निवड झाली, तर दहावीतही खेळ, मी आडवा येणार नाही. नाही झाली, तर वर्षभर मैदानाचं तोंड बघायचं नाही. कबूल?" पोरीने त्यांच्या हातावर हात मारला होता. हे तोंडदेखलं बोलणं नव्हतं. माझा नवरा दिलेला शब्द पाळतो, आपल्या सोयीचा असो वा नसो.

निवड चाचणी ठेवली होती ती नेमकी रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. ठेवणारा नाशिकचा नसावा. बाकी महाराष्ट्र धुळवडीला रंगून मोकळा होतो, आमच्याकडे खरा रंग रंगपंचमीलाच. ग्रुपवर खेळाच्या सरांचा मेसेज आला: शाळेची पांढरी जर्सी, निळी शॉर्ट, पांढरे मोजे, पांढरे कॅनव्हास, गणवेश अपूर्ण असल्यास मैदानात प्रवेश नाही. शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत होतं.

आमच्या घरात चौथं माणूस म्हणजे माझे सासरे. त्यांना सगळे आबा म्हणतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, मूळचे सिन्नरकडचे, बोलणं अजून गावाकडचंच. दोनेक वर्षांपासून ते विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग जेवलो की नाही ते. त्यांना घरी एकटं ठेवायची सोय उरली नव्हती. पण रहाड विसरले नव्हते. रहाड म्हणजे आमच्या जुन्या नाशकातला जमिनीतला दगडी हौद. वर्षभर बुजवलेला असतो, रंगपंचमीला उघडतात, फुलं उकळून केलेल्या रंगाने भरतात, पूजा झाली की माणसं त्यात धप्पकन उड्या मारतात. आमच्या भागातल्या रहाडीचा रंग पिवळा. त्यात एकदा बुडी मारली की उन्हाळा बाधत नाही, असं आबा दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी बुडी मारायचे. तळमजल्यावरचे काका त्यांना हाताला धरून न्यायचे आणि आणायचे.

रंगाला जायचं ते जुने पांढरे कपडे घालून, ही इथली रीत. मी आबांचा जुना सदरा-पायजमा काढून खुर्चीवर ठेवला होता. मग मी गॅलरीकडे पाठ करून कॅनव्हासना पांढरं पॉलिश लावत बसले. पोरगी ट्यूशनला गेली होती, नवरा कंपनीच्या कामासाठी पुण्याला. काकांनी खालून हाक मारली, आबांनी "आलो, आलो" म्हटलं, दार लागलं. मी बुटांचे बंद धुवायला घेतले. सगळं कसं अगदी वेळेवर चाललंय, असं मनात म्हटल्याचं मला आठवतं.

आबा परत आले तेव्हा दार नुकत्याच ट्यूशनवरून आलेल्या पोरीने उघडलं. मी आतून तिची किंकाळी ऐकली आणि धावले, मला वाटलं म्हातारा पडला. आबा उंबऱ्यात उभे होते, टकलापासून नखांपर्यंत पिवळेजर्द, तोंडभर हसत. "लय भारी रंग हाय यंदा," म्हणाले आणि काकांना बाय करायला वळले. त्यांच्या पाठीवर सात हा आकडा होता.

खुर्चीवरचा सदरा खुर्चीवरच होता. गॅलरीतल्या दोरीवर मी वाळत घातलेली जर्सी पांढरी होती, जुनी होती, हाताशी होती. त्यांनी ती घातली. त्यांचं तरी काय चुकलं? पण हे शहाणपण मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी नको नको ते बोलले. "दिसत नाही का तुम्हाला? पोरीचा जीव होता त्यात! उद्या काय घालून उभी राहणार ती?" आबांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी जर्सीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेवटी मीच त्यांचे हात धरले.

मग धुणं सुरू झालं. गार पाणी, साबणाची वडी, पावडरीत भिजवण, लिंबू, मीठ. बाजारातले पक्के म्हणून घेतलेले रंग दोन धुण्यांत उतरतात, आणि हा फुलांचा रंग हटायला तयार नाही! शेजारच्या काकूंनी कपडे पांढरे करायचं औषध दिलं. ते ओतलं तर पिवळ्यात पांढरे डाग पडले आणि शाळेच्या नावाची दोन अक्षरं विरघळली. मी मोरीत बसून रडले. माझे हात पिवळे, मोरी पिवळी, बादली पिवळी. संघातल्या मुलींच्या आयांना फोन केले. जादा जर्सी कुणाकडेच नव्हती, असणार कुठून? सरांचा फोन लागेना. तेही कुठेतरी रंगातच असणार.

मधेच आबा बाहेरच्या खोलीतून आले. आंघोळ झालेली, पण कान आणि नखं तशीच पिवळी. "पोर का रडतीय?" त्यांनी विचारलं. ते विसरले होते. मी या वेळी आवाज न चढवता सांगितलं. तर ते पुन्हा पहिल्यापासून मोडून पडले. पुन्हा स्वतःला मारायला हात उचलला, मग पायांत चपला सरकवून निघाले, "मी आणतो नवी, आत्ता आणतो" म्हणत. जिन्यातून त्यांना परत आणताना माझ्या नाकी नऊ आले. पहिल्यांदा ऐकल्यावर माणसाला जेवढं लागतं तेवढं त्यांना प्रत्येक वेळी लागत होतं, आणि सांगणारी मी होते.

दिवेलागणीला त्यांनी पुन्हा विचारलं. मी तोंड उघडायच्या आत पोरगी पुढे झाली. ओढणीने डोळे पुसले आणि म्हणाली, "काही नाही आबा, डोळ्यात रंग गेला." आबांनी तिच्या डोळ्यांवर फुंकर मारली, तिला दूध पी म्हणाले आणि खुशाल बातम्या बघत बसले. नंतर ती मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, त्यांना परत सांगायचं नाही. शप्पथ घे." मी शपथ घेतली. मनात म्हटलं, सकाळी सरांना खरं काय ते सांगू. म्हाताऱ्या विसराळू माणसाच्या हातून झालं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? मला दुसरा कसला आधारच नव्हता.

सकाळी रिक्षाने निघालो. आबांना ठेवायचं कुठे? तळमजल्यावरच्या काकांना पहाटे ताप भरला होता. म्हणून आबाही आमच्याबरोबर, इस्त्रीचा शर्ट घालून, खुशीत. पोरीच्या अंगात ती ठिगळ-ठिगळ पिवळी जर्सी. खाली निळी शॉर्ट, पांढरे मोजे, मी चकचकीत केलेले कॅनव्हास. बाकी गणवेशात बोट ठेवायला जागा नव्हती.

मैदानाच्या फाटकात सर शिट्टी गळ्यात अडकवून उभे होते. निम्म्या मुलींचे कान गुलाबी, कुणाच्या भांगात हिरवा रंग. सरांच्या स्वतःच्या मानेवरही जांभळा ओघळ राहिला होता. पण जर्स्या सगळ्या पांढऱ्याशुभ्र. त्यांनी आमच्या पोरीला बाजूला घेतलं. "हे काय आहे?"

मी पुढे झाले. आबा माझ्या कोपराला धरूनच उभे होते, त्यांना गर्दीत हात सोडायची भीती वाटते. पोरीने एकदा आबांकडे पाहिलं, मग सरांकडे.

"मीच घातली होती सर. रहाडीत उडी मारली."

सरांचा चेहरा लाल झाला. "शाळेची जर्सी? चाचणीच्या आदल्या दिवशी?"

"हो सर."

"अगं, दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर मी निवड समितीच्या हातापाया पडलो असतो तुझ्यासाठी. तुझ्यासारखा सूर मारणारी नाही माझ्याकडे. पण तू स्वतः?" त्यांचा आवाज कापत होता, रागाने की वाईट वाटून, मला कळलं नाही. "नाही. आज तुला सोडलं तर उद्या मी कुणाला काय सांगू? हो बाजूला."

मी बोलायला तोंड उघडलं. एक वाक्य पुरे होतं. पोरीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "आई, नको," एवढंच म्हणाली. माझ्या कोपराला आबांचा हात होता, मनगटाला तिचा. मी दोघांच्या मधे उभी राहिले आणि सर आत निघून गेले. फाटक लागलं. आतून पहिली शिट्टी ऐकू आली. तिचं दहावीचं वर्ष, तिचं मैदान, बाबांच्या हातावर मारलेला तो हात, सगळं त्या फाटकाच्या आत राहिलं. मला ओरडावंसं वाटलं आणि ओरडायचं कुणावर तेच कळेना.

आबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं होतं. त्यांनी पोरीच्या जर्सीकडे वाकून पाहिलं, विरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"शाळंचा कपडा हाय हा, पोरी," ते म्हणाले. "असा रंगात घालायचा असतो का? एवढी मोठी झालीस, तुला कळाया नको?"

"चुकलं, आबा," ती म्हणाली. "परत नाही करणार."

तेवढ्याने त्यांचं समाधान झालं. पिवळ्या नखांचा हात त्यांनी तिच्या डोक्यावरून फिरवला आणि म्हणाले, "बरं, रडू नको. आता पुढच्या टायमाला ध्यानात ठेव."