फोन ठेवल्यानंतरचं बोलणं

आमच्या पिंप्राळ्यातल्या कॉलनीत फोन बंद पडला की लोक तक्रार नोंदवण्याआधी लाइनमन आबांना शोधत. आबा रिसीव्हर कानाला लावून नुसती खरखर ऐकत आणि सांगत, "जॉइंटमा पानी गयं." बहुतेक वेळा तेच निघे. खांबावर चढताना चपला खाली नीट जोडीनं काढून ठेवत. लोखंडी खांबावर अनवाणी पायच धरतात, असं त्यांचं म्हणणं.

चाचणीसाठी तार जोडल्यावर लाइनवर कुणी बोलत असलं, तर ते रिसीव्हर लगेच कानापासून दूर धरत. कुणाचं लग्न जमलं, कुणाचं फिसकटलं, हे त्यांना कळत नसेल असं नाही. पण कुणी खोदून विचारलंच तर म्हणत, "मी तार ऐकस, मानसं नही."

आमच्याकडे फोन आला त्याच वर्षी ताईचं लग्न होऊन ती धुळ्याला गेली. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. सगळं छान आहे, म्हणायची. आई समाधानानं रिसीव्हर ठेवायची.

एका रविवारी आबा आमच्या दारासमोरच्या खांबावर होते. लाइनवरची कुरकुर काढायला वडिलांनीच बोलावलं होतं. आईचं बोलणं संपलेलं त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि तार तपासायला घेतली. त्या काळी ज्यानं फोन लावला त्यानं ठेवल्याशिवाय लाइन सुटत नसे. धुळ्याकडचा रिसीव्हर अजून ताईच्या हातात होता.

आबा खाली उतरले आणि अनवाणीच घरात आले. काम झालं का, असं वडिलांनी विचारलं. ते म्हणाले, "भाऊ, मी असं कधी करत नही. पन आजच धुळ्याले जा. वहिनींनी फोन ठेवला, तरी पोरगी बोली रायनी. 'आई, मला घेऊन जा.'"

आईला खरं वाटेना. आत्ताच तर हसून बोलली होती. वडिलांनी काही न विचारता पायजम्यावरच सदरा चढवला आणि स्टँड गाठला.

रात्री उशिरा ते ताईला घेऊनच परतले. तिच्या हातावरचे डाग आईनं एकेक करून पाहिले. सासरची माणसं दोनदा न्यायला आली. वडिलांनी त्यांना पाणी दिलं, मुलगी दिली नाही. ताई पुढे शिकली, शाळेत शिक्षिका झाली.

आबांनी हा विषय पुन्हा काढला नाही. आईनं एकदा हात जोडले, तर ते सायकल काढून निघून गेले. पुढे त्यांची चाळीसगावला बदली झाली आणि तिथूनच ते रिटायर झाले.

ते गेल्याचं कळलं तेव्हा ताई शाळेतून परस्पर चाळीसगावला गेली. घरात तिला कुणीच ओळखत नव्हतं. आबांच्या बायकोनं तिला जवळ बसवून विचारलं, "तू कोन शेस, माय?"

आबांनी घरीसुद्धा कधी काही सांगितलं नव्हतं. ताई एवढंच म्हणाली, "आमच्या घरचा फोन ते बघायचे," आणि त्या माउलीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.