माझा कापूस माझ्यासमोर

उजव्या कानावरचा हेडफोन ती अर्धा मागं सरकवायची, मान तिरकी करून माझ्या लॅपटॉपकडं बघायची आणि म्हणायची, "थांब. हितं काय केलंस?"

बहुतेक वेळा मी काहीच केलेलं नसायचं हो. पण तिनं विचारलं की मलाच वाटायचं, केलं असेल बुवा काहीतरी.

आमचा दोघांचाच ग्रुप. ती गाणार आणि मी लॅपटॉपवर बीट बनवणार. नाव कापूस-करंट. हसू नका, सांगतो. जुन्नरला तिच्या आब्बांचा गादी कारखाना आहे आणि आमचा पहिलावहिला अल्बम तिथंच रेकॉर्ड झाला. चारी बाजूंनी गाद्या रचलेल्या, बाहेरचा हॉर्न आत येत नाही. फुकटात स्टुडिओ. फक्त कापसाची धूळ नाकात जाते. दुसऱ्या गाण्यात मध्येच एक शिंक आहे, ती माझी. तिनं काढू दिली नाही. म्हणाली, "खरी हाय ती, राहू दे."

आमची ओळख मात्र मंचरला झाली. मी तिथं एका दुकानात कामाला आहे. गाडीवरच्या स्पीकरवर लावायच्या जाहिराती आम्ही रेकॉर्ड करून देतो. साड्यांचा सेल, उद्या पाणी येणार नाही, असलं सगळं. ती आब्बांच्या दुकानाची जाहिरात घेऊन आली, माइकसमोर उभी राहिली आणि "जुन्या गाद्या पिंजून मिळतील" एवढंच बोलली. माझ्या अंगावर काटा. आता यात काटा येण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. पण आला.

रेकॉर्डिंग झाल्यावर म्हणाली, "पेनड्राइव्हला घातलं? आता तुझ्या कॉम्प्युटरवरचं उडव."

"उडवलं, ताई."

"रिसायकल बिन उघड."

उघडलं. होतं तिथं. मी तिच्यासमोर ते परत एकदा उडवलं. तेव्हाच मला वाटलं, ही बाई अवघड आहे. आणि हिच्याबरोबर गाणी करायची, हे पण तेव्हाच ठरवलं.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. मी म्हणायचो, ताई, मी घरी अवसरीला जाऊन रात्रीतून आवाज साफ करून आणतो. ती म्हणायची, "न्हाई. माझा कापूस माझ्यासमोर पिंजायचा."

हे तिच्या दुकानातलं बोलणं. जुन्या गादीतला कापूस लोक पिंजायला आणतात ना, ते टाकून निघून जात नाहीत. मशीनसमोर स्टूल टाकून बसतात. आपला चांगला कापूस काढून घेतील आणि दुसऱ्याचा रद्दी भरतील, अशी धास्ती. आब्बांना कुणाचा राग येत नाही. उलट ते स्वतः स्टूल पुढं करतात. ती लहानपणापासून हेच बघत आली. लोक संशयानं बघतायत आणि तिचे आब्बा शांतपणे काम करतायत.

एकदा पेठच्या एक आजी आल्या होत्या. अर्धा कापूस पिंजून झाला आणि शुक्रवारच्या नमाजची वेळ झाली. आब्बा मशीन बंद करून गेले. आमची रेकॉर्डिंगची वेळ तीच, दुकान शांत असायचं म्हणून. आजी काही उठेनात.

"मशीन का बंद केलं?" आजी.

"आज्जे, आमी गाणं भरतोय. अर्ध्या तासानं चालू करू."

"भरा की. मी कुटं नको म्हंते. मी हितंच बसते."

ती गायली. आजी एक डोळा कापसावर आणि एक तिच्यावर ठेवून बसलेल्या. गाणं संपल्यावर मी लॅपटॉपवर बीटसकट लावून दाखवलं. आजी माझ्याकडं रोखून बघत म्हणाल्या, "पावणं, ही तर येकटीच गात व्हती. ही बाकीची मंडळी कुटनं आली?"

ताई इतकी हसली की स्टुलावरनं घसरली. मग महिनाभर प्रत्येक बीटला हेच. "बाकीची मंडळी जरा कमी कर, राव."

हे सगळं सांगतोय म्हणजे आमचं छान चाललं होतं असं वाटेल. तसं नव्हतं. संशय मलाही होता. ती गाताना तिचा जुना फोन उशीखाली सरकवायची. एकदा उशी हलली आणि मला दिसलं, रेकॉर्डिंग चालू होतं. मी विचारलं नाही. घरी येताना गाडीवर डोक्यात एकच, ही आपली गाणी पुण्यात कुणाला तरी ऐकवतेय. मोठा ग्रुप मिळाला की आपल्याला सोडणार. आणि मग मी काय केलं? तिच्या सगळ्या रेकॉर्डिंगची एक कॉपी गुपचूप घरच्या हार्डडिस्कवर ठेवली. ती लपवतेय ना, मग आपण पण.

सात गाणी झाली, आठवं राहिलं होतं. तेव्हाच आमच्या अवसरीत बिबट्या आला. ओढ्याकडच्या उसात दोघांनी बघितला. दिवेलागण होत आलेली. आमच्या गावात एकाची स्पीकरवाली जीप आहे, तो धावत घरी आला. "दहा मिनिटांत काहीतरी बनवून दे, भाऊ. आमी ओरडून सांगितलं तर लोकं टिंगल समजत्यात."

मी ताईला फोन लावला. लागला नाही. परत लावला नाही, हे पण खरं सांगतो. हार्डडिस्कवर तिचा आवाज होता आणि आवाजाची नक्कल करणारं एक सॉफ्टवेअर मला कधीचं वापरून बघायचं होतं. वाक्यं टाइप केली. "बिबट्या दिसला आहे. लेकरांना एकटं बाहेर सोडू नका. दारं लावून घ्या." लॅपटॉपमधून ताई बोलली. हुबेहूब. मी खुश. लोकांनी पटापट दारं लावली, जनावरं आत घेतली. मी आणखी खुश.

चौथ्या दिवशी ती मंचरच्या दुकानात आली. मंचरला एसटीतनं उतरताना ती जीप तिचाच आवाज वाजवत शेजारनं गेली होती.

"हे मी कधी बोलले?" ती म्हणाली.

"ताई, अर्जंट व्हतं. तुझा फोन लागंना. घरच्या हार्डडिस्कवर तुझा आवाज व्हता."

"मग तुझ्या आवाजात बोलायचं व्हतं."

मी माउस उगाच इकडंतिकडं हलवला.

"चांगल्या कामासाठीच केलं ना, ताई."

"कापूस चांगल्या गादीत भरला म्हणून काय झालं? व्हता कुणाचा?" आवाज चढवला नाही तिनं. "शुक्रवारी हार्डडिस्क घेऊन ये."

शुक्रवारी गेलो. आब्बांनी नेहमीसारखं पाणी दिलं. तिनं गिऱ्हाइकांचं ते स्टूल ओढलं, माझ्या लॅपटॉपसमोर ठेवलं आणि बसली. मग उशीखालचा तो फोन काढला. प्रत्येक गाणं ती आधी त्याच्यावर ऐकायची, नुसता तिचा आवाज, जसा त्या दिवशी निघाला तसा. मग माझं ऐकायची. दोन ठिकाणी मी सूर ओढून बरोबर केला होता, तिथं बोट ठेवलं. "हे परत माझं कर."

म्हणजे पुण्यातलं कुणी नव्हतंच. मला एवढी लाज वाटली की सांगायची सोय नाही. मी म्हणालो, "ताई, मला वाटलं व्हतं तू..."

"म्हाईत हाय मला काय वाटलं व्हतं. विचारायचं व्हतंस."

सात गाणी तिच्या समोर पक्की झाली. तिनं स्वतः अपलोड केली, दोघांची नावं घालून, माझं आधी. मग माझ्याकडनं हार्डडिस्क मोकळी करून घेतली. रिसायकल बिन मीच उघडून दाखवलं. आठवं गाणं कधी गाणार, हे मी विचारलं. ती खोळीला दाभणानं टाके घालत होती. तिनं पुढचा टाका घातला.

अल्बम लोक ऐकतात. शिंकेबद्दल मेसेज येतात, आवाजाबद्दल तर लईच. ती आता पुण्यात आहे, आवाजाचं एडिटिंग शिकते, असं आब्बा सांगतात. माझा फोन ती उचलत नाही. आब्बा मात्र मी गेलो की स्टूल पुढं करतात.

त्या बिबट्याच्या सूचनेची मात्र एक कॉपी राहिलीय, जीपवाल्याच्या पेनड्राइव्हमध्ये. मी माझ्या आवाजात दुसरं रेकॉर्डिंग करून दिलं आणि तिचं उडवायला सांगितलं. त्यानं दोन दिवस माझं वाजवलं, मग परत तिचं. म्हणाला, "तुझं कुणी ऐकत न्हाई, राव. तिचं ऐकत्यात."

परवा पण उसाकडं ठसे दिसले. आई अंगणातली शेरडं आत घेत होती. जीप आमच्या दारावरनं गेली. "लेकरांना एकटं बाहेर सोडू नका."

आई थांबली, आवाज लांब जाईपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "किती काळजीनं सांगती पोरगी."

मी दार लावून घेतलं.