येऊन राह्यली

अमडापूरच्या स्टँडवर इंगळे काकांना कुणीही विचारलं, "साहेब, चिखली गाडी?" की ते हातातल्या पुस्तकातून मान वर न काढता म्हणायचे, "येऊन राह्यली." गाडी वळणावर दिसत असली तरी तेच, आणि मागच्या गावी पंक्चर होऊन उभी असली तरी तेच. म्हाताऱ्या बाया चिडायच्या. "सकाळपासून येऊनच राह्यली बापा तुही गाडी!" काका मग चष्मा कपाळावर सरकवायचे. "मावशी, येऊन राह्यली म्हनलं मी. आली म्हनलो का?"

ते आमच्या स्टँडचे कंट्रोलर. मी अकरावीला चिखलीच्या कॉलेजात जायला लागले, तेव्हापासून त्यांची ओळख. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बाबा भाजी पिकवतात. सकाळी मेथीच्या जुड्या घेऊन बाजाराला निघाले की ते मला स्टँडवर सोडत, त्यामुळे मी गाडीच्या तासभर आधीच तिथे असायची. पहिल्या आठवड्यातच मी भीत भीत विचारलं, "काका, कोणतं पुस्तक आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या दप्तराकडे. "विज्ञानकथा. जुन्या हायेत, पन भारी हायेत. आयकते का?"

माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा तो संग्रह होता. नऊ कथा, वरून खाकी कागदाचं कव्हर. काका वाचून दाखवत नसत, सांगत. पुस्तक मांडीवर उघडं, बोट ओळीवर, आणि गोष्ट मात्र आपल्या बोलीत. चंद्रावरचा खड्डा आला की तो 'लोणारच्या तळ्याएवढा', यान चालवणारा आला की तो 'डायवर'. एका कथेत गावाच्या सगळ्या आठवणी एक यंत्र सांभाळतं, आणि लोक स्वतःचं नाव विचारायला त्याच्यापुढे रांग लावतात. काकांनी त्या रांगेत आमच्या सरपंचांना उभं केलं. "यंत्र इचारते, तुमचं नाव काय? सरपंच म्हन्ते, तेच तं इचाराले आलो ना बे!" मी इतकी हसले की गाडी चुकता चुकता राहिली.

पुस्तक मी दोनदा मागितलं. "तुले परीक्षेचं वाचाचं हाय," ते म्हणाले. "हे मी वाचतो, तू आयक." मला ती माया वाटली.

माझा त्यांच्यावर फार विश्वास होता. घरी मला सगळं गोड करून सांगत. आत्याचं लग्न मोडलं, तेव्हा मला 'पुढं ढकललं' एवढंच कळलं होतं. काकांचं तसं नव्हतं. माझे पहिल्या चाचणीतले मार्क पाहून ते म्हणाले होते, "हे मार्क हायेत का चपलीचा नंबर?" असा माणूस आपल्याला फसवणार नाही, असं मी धरून चालले होते.

शेवटची कथा मला सगळ्यांत आवडायची. एक मुलगी फार दूरच्या ताऱ्याकडे जाते. तिचा आवाज पृथ्वीवर पोचायला अकरा वर्षं लागतात. आई रोज यंत्रापाशी बसून राहते. एक दिवस आवाज येतो: आई, मी परत निघाले आहे. इथे काका थांबले, चष्मा काढला आणि हळू आवाजात म्हणाले, "अन् माय आभायाकडे पाहून म्हन्ते, माही पोरगी येऊन राह्यली."

बारावीनंतर मी बुलढाण्याला पदवीच्या वर्गात गेले. तिथे आंतरमहाविद्यालयीन कथाकथन स्पर्धा होती. सरांनी माझं नाव दिलं आणि मी हीच कथा निवडली. शेवटचं वाक्य काकांच्या थाटात म्हटलं. सभागृहात टाळ्या पडल्या. आपल्यालाही काही येतं, असं मला त्या एका मिनिटात वाटलं.

मग परीक्षक बाईंनी विचारलं, "ही कथा तू स्वतः वाचली आहेस ना?"

मी म्हटलं, "हो मॅडम."

"मग शेवट का बदललास?"

"नाही बदलला, मॅडम."

"अगं, मी ही कथा वर्गात शिकवलेली आहे. पुस्तक तुमच्याच ग्रंथालयात असेल. लेखकाच्या नावावर आपला शेवट खपवायचा नसतो." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून ते जास्त लागलं. वसतिगृहावर मुली पुढचे कित्येक दिवस विचारत होत्या, "काय वं, येऊन राह्यली का तुही गाडी?"

ग्रंथालयात मी ते पुस्तक एका बैठकीत वाचलं. पाच शेवट काकांनी सांगितले तसेच होते. चार वेगळे होते, आणि त्या चारही कथांत घरातून गेलेलं माणूस परत येत नव्हतं. शेवटच्या कथेत 'मी निघाले आहे' या आवाजाच्या दुसऱ्या दिवशी दुसरा, अनोळखी आवाज येतो: यान जळालं. अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या मुलीचं सुतक आई त्या दिवशी धरते.

मी ते पान चार वेळा वाचलं. काकांच्या शेवटापेक्षा ते कितीतरी चांगलं होतं. एवढी मोठी गोष्ट दोन वर्षं माझ्यापासून चार हातांवर होती आणि मला ती मिळू दिली नव्हती, याचा राग मला सभागृहातल्या फजितीपेक्षा जास्त आला.

शनिवारी गावी उतरले ती थेट त्यांच्या खिडकीपाशी गेले. "काका, ती पोरगी परत येतच नाही."

त्यांना लगेच कळलं. "कोनं सांगतलं?"

"पुस्तकानं."

"मी येऊन राह्यली म्हनलं होतं बाई. आली म्हनलो..."

"काका, मी गाडी विचारायला आलेली मावशी नाही."

त्यांचं तोंड उतरलं. ते नोंदवहीचा कोपरा दुमडू लागले. "रोज तुले गाडीत बसवून देत होतो मी," ते म्हणाले. "तुहा बाप तुले सोडून जाये, तं मांगं वयून वयून पाहे. अन् मी तुले सांगू का, गेलेली पोरगी वापस येत नाही म्हनून?"

"हो. सांगायचं होतं. स्पर्धेत मी कथा वाचली आहे म्हणाले आणि सगळ्यांपुढे खोटी ठरले."

"पन वाचलं म्हनून तू काऊन सांगतलं, माय?"

ते खरं होतं; न वाचताच मी 'हो मॅडम' म्हटलं होतं. म्हणूनच मी आणखी चिडले. तशीच निघून आले. नंतर गावी आले की मी स्टँडच्या अलीकडेच, गिरणीपाशी उतरायची.

पुढे ते निवृत्त झाले आणि मुलाकडे अकोल्याला गेले. वर्षाच्या आतच ते वारल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं. माझी परीक्षा चालू होती. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

दिवाळीत घरी आले, तेव्हा मेथीच्या जुड्या बांधता बांधता बाबा सहज म्हणाले, "इंगळे साहेबानं अकोल्याले जाच्या आंदी मले इचारलं होतं, पोरीचा राग गेला का म्हनून."

"मग?"

"म्या म्हनलं, गेला नं साहेब, कवाचाच गेला. तिनंच सांगतलं मले."

"मी कधी सांगितलं, बाबा?"

बाबांनी सुतळी दातात धरून तोडली. "लय खुश झाला बापा मानूस," ते म्हणाले.

राग गेलेला नव्हता. तो आजही पुरता गेलेला नाही. इंगळे काकांना मात्र तो गेल्याचं कळलं, माझ्या नावावर, मी कधी न बोललेल्या शब्दांत.