आबांनी पेडलला बांधलेला लाल कपडा

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा दशरथ, माझा नवरा, अंगणात पिकअपचं बॉनेट उघडून उभा होता. त्याने बॉनेट हळूच खाली सोडलं आणि म्हणाला, "काल त्यांना बोलायचं होतं माझ्याशी." म्हसा ते किन्हवली, माझ्या माहेरापर्यंत, मग त्याने गाडी कुठेही न थांबवता नेली. काही आठवडे झाले आता, पण मला अजून वडिलांच्या आठवणीबरोबर आधी लाज येते, रडू नंतर.

आबा किन्हवलीतले जुने मिस्त्री. स्वभावाने तिखट. गिऱ्हाईक देवासारखं वगैरे त्यांना मान्य नव्हतं; गिऱ्हाइकाला झापल्याशिवाय त्यांचा पाना चालतच नसे. दसऱ्याला मात्र हा माणूस लोण्यासारखा मऊ व्हायचा. सगळे बॉनेटला हार घालतात, पुढे लिंबू-मिरची लावतात. आबा त्याशिवाय खाली वाकून ब्रेकच्या पेडलच्या दांड्याला, पार वरच्या टोकाला, लाल कपड्याची पट्टी बांधायचे. "गाडीचा जीव हितं हाय. आरशाला बांधून काय करता?" बांधलेली पट्टी सोडायची नाही, हाही त्यांचाच नियम. पुढच्या दसऱ्याला तिच्यावरच दुसरी. इतर गाड्या यायच्या, विकल्या जायच्या. आमची पिकअप पडली जावयाची, त्यामुळे तिचा एकही दसरा चुकला नाही.

मग त्या गाडीचे ब्रेक धरायला लागले. निघताना ठीक, थोडं अंतर गेलं की गाडी जड व्हायची, चाकं तापायची, जळका वास सुटायचा. थांबून गार झाली की पुन्हा शहाणी. दशरथ भाजी घेऊन शहापूर-मुरबाड करायचा, त्याचा जीव मेटाकुटीला आला. आबांनी लायनर बदलले, ड्रम साफ केले, पण दोन दिवसांनी पुन्हा तेच. गॅरेजपुढे माणसं जमलेली असताना आबा भडकले. "चारी चाकं एकदम धरतात, म्हंजे दोष चाकात नाय, तुमच्या पायात हाय. ब्रेकवर पाय ठेवून झोपता काय, जावईबापू?" माणसं खदखदून हसली. दशरथने चावी टपावर ठेवली आणि तो स्टँडकडे चालत गेला. सासऱ्याने चारचौघांत जावयाचं हसं केलं होतं... आमच्याकडे ही गोष्ट साधी नसते. त्या वर्षी दिवाळीला मी एकटीच माहेरी गेले.

आबांनी तोवर हट्टाने गाडी स्वतः चालवून पाहिली होती. ब्रेकला पायसुद्धा न लावता सरळ रस्त्याने लांबवर गेले, आणि तरी तो वास आला. म्हणजे दोष जावयाच्या पायात नव्हता. मी असतानाच त्यांनी गाडी तापवून आणली, जॅक लावला. चाक हाताने फिरेना. मग त्यांनी ब्रेक ऑइलचा मास्टर सिलिंडर, पेडलचा दाब त्याच्याकडे नेणाऱ्या बूस्टरपासून, किंचित ढिला केला, आणि चाक गर्रकन फिरलं. "म्हंजे पेडल पुरतं मागं येत नाय. आतला दांडा कायम दाबलेला ऱ्हातो. बॅटरी धर गो सुमन." ते पाठीवर आडवे होऊन पेडलच्या वर बघू लागले. मी उजेड धरला. मीही वाकून बघितलं. सगळ्या दसऱ्यांच्या पट्ट्यांचा एक घट्ट गोळा झाला होता, आणि पेडल मागे येऊन जिथे टेकतं, नेमका तिथे तो अडकून बसला होता. आबांनी तो बोटांनी चाचपला, एकेक दसरा मोजल्यासारखा. शेवटी म्हणाले, "ब्लेड दे."

तो गोळा त्यांनी फेकला नाही. गॅरेजात स्वतःच्या स्टुलाच्या वर, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा खिळ्याला टांगला. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझी अक्कल हाय ती." त्यानंतर एकाही गाडीला त्यांनी पट्टी बांधली नाही.

गाडी द्यायला ते स्वतः आमच्या घरी आले. ओट्याच्या कडेला टेकले, टोपी हातात. "जावईबापू, त्या दिवशी मी चारचौघांत..." दशरथ लगेच उठला. "आबा, चहा घ्या. झालं गेलं. तुमी मोठे." आबांचं वाक्य तोंडातच राहिलं. पुढे म्हसाच्या जत्रेत बैलबाजाराजवळ त्यांनी पुन्हा विषय काढला. दशरथने त्यांच्या हातात उसाचा रस दिला. आजारपणात तर आबा मला सारखं सांगायचे, "जावयाला घेऊन ये, मला बोलायचं हाय." शेवटच्या संध्याकाळीही दशरथ उशाशी बसून म्हणाला, "आबा, आराम करा." आबांनी मान भिंतीकडे वळवली.

मला नवऱ्याचा केवढा अभिमान होता! किती मोठं मन, सासऱ्याला माफीसुद्धा मागू देत नाही, असं मी माहेरच्या बायकांना मिरवून सांगितलं होतं.

तेराव्यानंतर आम्ही गॅरेज आवरायला गेलो. पाने तेलात पुसून ठेवलेले, स्टूल जागेवर, वर खिळ्याला तो लाल गोळा, धुळीने तपकिरी झालेला. मी म्हटलं, "तू कधी त्यांचं मन दुखावलं नाहीस." दशरथने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मोठेपणा नव्हता गो तो. त्यांनी माफी मागितली असती, तर मला राग सोडायला लागला असता. मला तो सोडायचा नव्हता. म्हणून बोलूच दिलं नाय... कळत होतं मला, म्हातारा तडफडतोय."

आबांची लाज निदान खिळ्याला टांगलेली होती, कुणीही यावं आणि बघावं. आमची दोघांची मात्र आम्ही चांगुलपणा म्हणून अंगावर मिरवत होतो.

मी तो गोळा काढायला हात वर केला. "ऱ्हाऊ दे," दशरथ म्हणाला. त्याने दुसरं स्टूल ओढून आबांच्या रिकाम्या स्टुलासमोर ठेवलं आणि त्यावर बसला. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेतली.

"बोला, आबा," तो म्हणाला.