तीन ते साडेपाच

वसई पूर्वेच्या ज्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गाळ्यात मी नोकरीला होते, तिथे दोन हजार सालानंतरही सगळं पाच व्होल्टवर चालायचं आणि सगळे त्यात सुखी होते. मी सोडून. बर्फाच्या कारखान्यातलं तापमान कॉम्प्युटरला कळवणारा बोर्ड मला करायचा होता, आणि त्यात मी हट्टाने सव्वातीन व्होल्टचा नवा प्रोसेसर घातला. सहा महिन्यांचं प्रोबेशन संपत आलेलं. शनिवारी गिऱ्हाइकासमोर बोर्ड चालला तर नोकरी पक्की, नाहीतर नायगावला घरी बसून स्थळं बघायची.

प्रोसेसर आणि कॉम्प्युटर यांची बोलणी करून द्यायला मध्ये एक चिप लागते. आमची नेहमीची फक्त पाचवर चालायची. मी डेटाशीट पालथ्या घालून तीनपासून साडेपाच व्होल्टपर्यंत कशावरही चालणारी शोधली आणि खरेदी बघणाऱ्या काकांना चिठ्ठी दिली: ‘नेहमीसारखीच चिप, पण तीन ते साडेपाच.’ नंबर लिहायचा आळस, दुसरं काय.

काका वसईच्या जुन्या ख्रिस्ती घरातले, भारी वक्तशीर. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून चिप घेऊन आले आणि म्हणाले, “बरोबर वेळेत पोचलो हं.” मी मान डोलावली. चिपवरचा नंबर वाचला नाही.

शुक्रवारी बोर्ड लावला तर कॉम्प्युटरवर नुसता अक्षरांचा कचरा. मी वैतागून चिपला सरळ पाच व्होल्ट दिले. साडेपाचपर्यंत चालते ना, मग झालं तर. चिप चालली, प्रोसेसर मेला. नमुन्याला आलेला तो एकच होता.

“चूक कोणाची?” शेठनी विचारलं.

काकांनी चिठ्ठी पुढे केली. “माझी. नेहमीचीच आणली. मला वाटलं, दुकानाची वेळ लिहिलीय.”

अख्खा गाळा खो खो हसला. शेठनी गिऱ्हाइकाला पंधरा दिवस थोपवलं, दुसरा प्रोसेसर मागवला. बोर्ड चालला, मी कायम झाले. काकांकडची खरेदी गेली, ते पॅकिंगला बसले.

आता खरं सांगायचं तर काकांनी बरोबर चिप आणली असती, तरी पाच व्होल्ट दिल्यावर तिनेही पुढे प्रोसेसरला पाचच दिले असते. तो मरणारच होता. हे त्या गाळ्यात एकट्या मला कळत होतं. लाज वाटायची, रोज वाटायची. तोंड मात्र उघडलं नाही.

एकदा खोक्याला चिकटपट्टी लावता लावता काका म्हणाले, “पोरी, माझ्यापायी तुझी नोकरी जाणार होती गं. वाईट वाटतं.”

“असू द्या हो काका,” मी म्हटलं. “होतं असं माणसाकडून.”